गफूरचाचांची भिंत

"ढकल! अजून ढकल! टाच उचलू नको बे, भिंत काय पयून चालली?"

रस्त्यावरचे लोक थांबले. भांडण दिसलं की आमच्या बोरी अरब गावात बैलसुद्धा थांबतात. पण हे भांडण नव्हतं. गफूरचाचा माझ्या टाचेवर इलाज करत होते.

मी गावचा पोस्टमन, तोही हंगामी. रोजची सात गावं पायी. आणि उजवी टाच अशी बिघडली, की सकाळी पहिलं पाऊल टाकताच जमिनीतून कुणी खिळा ठोकतंय असं वाटे. माझी बोंब ऐकून शेजारचा कोंबडा आरवायचा. पोस्टमास्तरांनी बजावलं होतं, "महिन्याभरात धड चाला, नाहीतर थैली खाली ठेवा." डॉक्टर म्हणाले, "घरी बसा." म्हणजे दोघांचं एकमतच होतं.

गफूरचाचा कापसाच्या जिनातले मेकॅनिक. तीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात काढलेली, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा दारव्ह्यापर्यंत जाई. माणूसही त्यांना यंत्रच दिसे.

"तुही नस म्हंजे पट्टा! रातभर आखडते. सकायी तू एकदम इंजन चालू करतं, मंग वरडन नाही तं काय? हयू ताण, पण रोज ताण!"

उठण्याआधी दुपट्टा पावलाला अडकवून आपल्याकडे ओढायचा. मग तळव्याखाली सोड्याची बाटली फिरवायची. चपलेत टाचेखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आणि दोन्ही वेळा चाचांची भिंत ढकलायची : दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला. अर्ध्या गावानं ढकलून ती भिंत दीड हात सरकली होती. तलाठ्याला नकाशा नव्यानं काढावा लागला म्हणतात.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी विहिरीशी दात घासताना एकदम ध्यानात आलं, मी इथवर चालत आलो, आणि कोंबडा आरवलाच नाही! मी तिथंच चार उड्या मारल्या. बायकोला वाटलं, विंचू चावला.

थैली वाचली. पेढे घेऊन चाचांकडे पळालो, हो, पळालोच! पेढे पाहून त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"झालं बरं? तरी येत जाय. पट्ट्याचा भरवसा नसते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीला हात लावून उभे असलेले किराणावाले शेठ आणि हेडमास्तर वर्षापूर्वीच बरे झालेले होते. एकट्या माणसाचं घर, पण चुलीवर चहा दहा जणांचा.

चाचा नव्या रोग्यासाठी ट्यूब कापत होते. मापाला एक जुनी, लहानशी बायकी चप्पल होती. झिजलेली, पण तेल लावून जपलेली.

"ही कोणाची, चाचा?" मी ओरडून विचारलं.

"बायकोची. तिच्याच टाचेवर शिकलो. जिनात डबा घेऊन लंगडत यायची बिचारी."

"मग, झाली का बरी?"

चाचा पहिल्यांदाच हळू बोलले.

"झाली ना. बारा वर्सं झाले, चालतच माहेरी गेली."