नेमकं जळत काय होतं?

रविवारी सकाळी बायकोने व्हॅक्युम क्लीनर बंद केला, हवेत दोनदा हुंगलं आणि म्हणाली, “अहो, जळका वास येतोय. वरच्या डॉक्टरांना हाक मारते.”

हेडक्लार्कांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“अगं, ते दातांचे डॉक्टर आहेत. याला दात कुठे आहेत?”

“मिक्सरलाही नव्हते. केलाच ना दुरुस्त? हात काय हलका आहे हो त्यांचा!”

हलका हात! गेल्या वर्षभरात त्या हलक्या हाताने या घरातला मिक्सर, इस्त्री, दाराची बेल आणि हेडक्लार्कांचा मानसन्मान, असं सगळं एकेक करून खोललं होतं. (त्यातलं शेवटचं परत जोडायचं राहून गेलं होतं.) डॉक्टर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. डॉक्टर कधी ढेकर देत नसत. ऑफिसात वीस माणसं ज्यांच्या सहीसाठी ताटकळत, त्या हेडक्लार्कांना घरी मात्र डॉक्टरांसमोर स्टूल धरून उभं राहावं लागे.

“कुणाला बोलवायची गरज नाही. मी बघतो,” ते म्हणाले.

“तुम्ही?” बायकोने विचारलं. एकच शब्द, पण त्यात लग्नाची बावीस वर्षं होती.

हेडक्लार्कांनी बाह्या सरसावल्या आणि मशीनची माहितीपुस्तिका ऑफिसच्या फाइलसारखी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वास आल्यास मशीन बंद करावं. केलं. प्लग काढावा. (तो बायकोने काढला, यांनी तोवर स्क्रूड्रायव्हर आत घातला होता.) धुळीची पिशवी भरली आहे का पाहावं. भरली होती. ती त्यांनी बाल्कनीत नेऊन झटकली. वारा नेमका घराच्या दिशेने वाहत होता. दोन महिन्यांची धूळ दोन सेकंदांत जिथल्या तिथे परत गेली आणि वाळत घातलेल्या चादरींनीही आपापला वाटा घेतला.

बायकोने फक्त छताकडे, म्हणजे वरच्या मजल्याकडे पाहिलं. बोलली असती तर परवडलं असतं.

ते इरेला पेटले. फिल्टर साफ झाला. मशीन सुरू केलं. वास होताच! आता राहिला खालचा गोल ब्रश. त्याचं झाकण काढलं तर केस, दोरे, एक बटण, आणि त्या सगळ्यात घट्ट गुंडाळलेला पातळ निळ्या रबराचा एक तुकडा. ब्रश त्यातच अडकला होता आणि त्याला फिरवणारा पट्टा घासून घासून तापला होता. दोष सापडला! हेडक्लार्कांनी विजयी मुद्रेने तो तुकडा चिमट्याने ओढून काढला, उलगडला, आणि त्यांचा चेहरा पडला.

त्या तुकड्याला दोन बोटं होती.

निळा रबरी हातमोजा. डॉक्टर लोक घालतात तसला.

“डॉक्टर इतक्यात घरी आले होते?” त्यांनी आवाज शक्य तितका सरकारी ठेवला.

“आले होते की, बुधवारी.”

“मी ऑफिसात असताना?”

“मग काय रजा घेणार होतात?”

“कुठे बसले होते?”

“बसले कुठले! बेडरूममध्ये पलंगाखाली होते अर्धा तास.”

“पलंगाखाली!” हेडक्लार्कांच्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. “कोण आलं होतं म्हणून?”

“काय बोलताय? तिथला प्लग सैल झाला होता. तुम्हाला तीनदा सांगितलं, मग त्यांना सांगितलं.”

हेडक्लार्कांना ऐकू येणं बंद झालं होतं. पायात स्लिपर आहे की नाही हेही न बघता ते तरातरा वर गेले आणि डॉक्टरांना अक्षरशः हाताला धरून खाली घेऊन आले.

“हा काय प्रकार आहे?” त्यांनी तो तुकडा डॉक्टरांच्या नाकासमोर नाचवला. “तुमचा हातमोजा माझ्या पलंगाखाली काय करत होता?”

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा लावला. किडकी दाढ तपासावी तसा तो तुकडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

“माझा नाही. आमचे जाड असतात. आणि बोटांवर हे काळं...”

“जळलंय ते!”

“नाही साहेब. रंग आहे हा. केसांचा. हे मोजे रंगाच्या पाकिटात येतात.”

हेडक्लार्कांना तीन रविवारांपूर्वीची दुपार आठवली. बायको बहिणीकडे गेलेली, बेडरूमला आतून कडी, आरसा, ब्रश. तेवढ्यात बेल वाजली आणि हातातलं सगळं त्यांनी पायाने पलंगाखाली सारलं होतं. बाकीचं नंतर उचललं. मोजे साफ विसरले. डोक्यात डॉक्टर इतके भरले होते की डोक्यावरचं काही आठवलंच नाही.

“अगं, मी तुला सांगणारच होतो...”

“मला सहा वर्षांपासून माहीत आहे,” बायको म्हणाली. “उशीचे अभ्रे कोण धुतं?”

डॉक्टर मात्र हेडक्लार्कांकडे टक लावून बघत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की जणू आयुष्यभराची दाढदुखी थांबली असावी.

“म्हणजे तुमचे केस...! अहो, आमची ही रोज मला ऐकवते. ‘खालच्या साहेबांकडे बघा, तुमच्याहून मोठे, पण एक केस पांढरा नाही. नाहीतर तुम्ही!’ वर्षभर जेवण गोड लागलं नाही मला.”

हेडक्लार्कांची छाती आपोआप फुगली. डॉक्टर त्यांच्यावर जळत होते! बावीस वर्षांत त्यांच्यावर कुणीच जळलं नव्हतं. त्यांनी भांगावरून हात फिरवला. हे सुख जेमतेम तेवढाच वेळ टिकलं, कारण डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून हातमोज्याचा तुकडा त्यात अलगद गुंडाळला होता.

“वहिनी, हा मी वर नेऊ का? हिला दाखवायला.”

“न्या की,” बायको झाडू हातात घेत म्हणाली. “थांबा जरा, दुसराही शोधून देते. जोडी असते त्याची.”