पाठमोरी पलटण आणि शूलाचा निवाडा

॥ श्री चिकटेश्वर प्रसन्न ॥ शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख मास. पुसिले ते वर्तमान सांगतो आणि न पुसिले तेही सांगतो. पृथ्वीवर थोर थोर राज्ये जाहली, छत्रे डोलली, नौबती झडल्या, मातबर मातबर वीर आले आणि काळाने नेले. परंतु ज्याच्या रणभूमीवर राक्षस, सरदार आणि सर्प एके ठायी लढले आणि ज्याची कीर्ती ऐकून दिग्गज कान टवकारते जाहले, ऐसे राज्य एकच. ते लांबीस सहा फूट आणि रुंदीस चार फूट होते, आणि त्यावर लढणारी एक अवघी फौज, सेनापती व निशाण धरून, आठ नंबरच्या बुटांच्या खोक्यात मावत असे. राज्याचे नाव लिहिण्याचा हुकूम नाही. ते तालुक्याच्या गावी, वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर, दर आदित्यवारी मांडले जाई आणि सांजेस घडी घालून भिंतीस टेकून ठेविले जाई. न्यायासनी मुजावरबाई असत. त्या शाळेत गणित शिकवीत आणि या खेळाचे दोनशे पानी नियम त्यांस ऐसे मुखोद्गत की पुस्तक उघडावे लागले तर त्यांस अपमान वाटे. खेळ म्हणावा तर ऐसा की, दोघांनी बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या फौजा समोरासमोर मांडाव्या, टेपाने इंच मोजून चालवाव्या, आणि गाठ पडली म्हणजे फासे टाकून कोण मेले ते ठरवावे. आणि सर्वांत कडक नियम हा की, यादीत जे हत्यार लिहिले तेच वीराच्या हाती दिसले पाहिजे. हाती नाही तर यादीतही नाही. आणि सेनापती निःशस्त्र तर फौज रणात उतरणे नाही.

त्या राज्यात हेरंबराव गुळवे म्हणून एक सरदार होते. धंद्याने दंतवैद्य, वय अठ्ठावन्न, हात हलका, जीभ त्याहून हलकी. त्यांस एकच दुःख होते आणि ते मोठे होते. त्यांस स्वतःची फौज नव्हती. सात आदित्यवार ते सोपानराव ढमढेरे यांची उसनी फौज घेऊन लढले. सोपानराव हे जमिनी मोजणारे, भूकरमापक. त्यांजकडे दोन फौजा होत्या, पैकी एक ते हेरंबरावांस देत आणि दुसरीने पहिलीस झोडपून काढीत, म्हणजे फौजही त्यांची आणि फत्तेही त्यांचीच. आणि वर जाताना म्हणत, "डॉक्टर, माझी माणसं मोजून द्या हां. मागल्या खेपेला एकाचं नाक गेलं होतं." हे बोलणे हेरंबरावांच्या काळजास लागले, आणि मग सातव्या पराभवाच्या दुसरे दिवशी त्यांनी प्लास्टिकच्या वीरांच्या तीन पेट्या मागविल्या आणि जेवणाच्या टेबलावर छावणी दिली, आणि पत्नी वृंदाताईंस सांगितले, "हा आदित्यवार सोडून पुढच्या आदित्यवारी मी माझ्या फौजेनं लढणार. उसनं एक मुंडकंसुद्धा वापरणार नाही." वृंदाताई म्हणाल्या, "बरं. तोवर जेवायचं कुठं ते सांगा." त्यावर हेरंबरावांनी ओट्याकडे बोट दाखविले, आणि मग उभयतांनी तेरा दिवस उभ्याने जेवण केले.

आता फौज उभी करण्याची रीत ऐका. या सेनेचे वीर आयते येत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटीस हात, पाय, मुंडकी, ढाली ऐशा लोंबत असतात जशा चिंचेच्या फांदीस चिंचा, आणि ते एकेक कापावे, कानशीने घासावे आणि डिंकाने जोडावे. ज्यास हौस असेल त्याने याचे शिर त्यास आणि त्याचे पाय यास लावून नवेच प्राणी निपजवावे, आणि हेरंबरावांस हौस अनावर होती. दवाखान्यातील चिमटे, कोरण्या, तारा कापण्याची पक्कड ऐसे शस्त्रागार त्यांजपाशी पूर्वीपासून सिद्ध. दातास भरण्याचा मसाला मळून त्यांनी राक्षसांच्या खांद्यांवर अस्वलाची कातडी ऐसी उठविली की केस न् केस मोजून घ्यावा. आणि चित्त त्यातच राहिल्याने एकदा शेवंताबाई म्हणून भाजीविकणाऱ्या बाई खुर्चीत आ करून बसल्या असता हेरंबराव त्यांच्या तोंडात पाहात स्वतःशी बोलले, "मुंडकं उडवावंच लागणार. मान जाड आहे, पण करवतीनं जाईल." तों शेवंताबाई गळ्यातल्या फडक्यासुद्धा उठल्या आणि म्हणाल्या, "डागदर, ऱ्हाऊ द्या. आता न्हाई दुखत." आणि जिना उतरून गेल्या, आणि ते फडके अद्याप परत आले नाही.

मग चौदा भालाईतांची पलटण जोडावयाची आली, आणि तेथे जे घडले ते दंतवैद्यावाचून दुसऱ्या कोणाकडून घडणे नाही. समोर बसल्या रोग्याचा उजवा तो आपला डावा, हे तीस वर्षे गिरविलेले. आणि सोबतच्या कागदावर वीराचे चित्र पाठीमागून काढिलेले, तेथे उलटापालट करण्याचे कारणच नव्हते, परंतु सवय ती सवय. हेरंबरावांनी चौदाही वीरांचे डावे हात उजवीकडे आणि उजवे डावीकडे चिकटविले. डिंक वाळला आणि पाहतात तों सर्वांचे कोपर मागे वळले, ढाली पाठीशी गेल्या, आणि भाल्यांची टोके आपल्याच निशाणाकडे. वृंदाताई भाकरीची ताटली हातात घेऊन आल्या, वाकून पाहिले, आणि म्हणाल्या, "हे लढायला निघालेत का लढून परत आलेत?" हेरंबराव गंभीरपणे म्हणाले, "ही पाठमोरी पलटण आहे. शत्रूला गाफील ठेवते." वृंदाताई म्हणाल्या, "शत्रूचं राहू द्या, मलाच कळेना तोंड कुठं आहे." आणि दोघे हसले ते इतके की भाकरीवर डिंकाची बाटली कलंडली, आणि ती भाकरी काढू म्हटले तर ताटलीपासून सुटेना.

आणि सेनापती म्हणाल तर काय वर्णावा! पाय सरड्याचे, धड पोलादी सरदाराचे, पाठीवर मसाल्याचे अस्वलकातडे, आणि शिर सात वेळा बदलून शेवटी म्हाताऱ्या राक्षसाचे, ज्याचे सुळे हेरंबरावांनी घासून सरळ केले, कारण वाकडे दात त्यांस पाहवेनात. यादी बृहस्पतवारीच मुजावरबाईंकडे रवाना केली होती, तीत सेनापतीपुढे स्वच्छ अक्षरात लिहिले, "हत्यार: शूल." आणि मग मंदवारी दुपारी तो शूल चौकटीतून कापावयास पक्कड लावली, दाबली, 'टिच्' ऐसा आवाज जाहला, आणि शूल गेला. कोठे गेला हे आजतागायत कोणास ठाऊक नाही. हेरंबराव फ्रिजखाली आडवे झाले, विजेरी घेऊन सोफ्याच्या पोटात शिरले, केरसुणी उलटी करून काडी काडी पाहिली. समुद्रात पडली अंगठी माशाच्या पोटी सापडते. परंतु घरातील फरशीवर पडला प्लास्टिकचा तुकडा ब्रह्मदेवासही सापडत नाही. वृंदाताईंनी पिठाचा डबा चाळून पाहिला आणि म्हणाल्या, "आमटीत लागला तर ओरडते, मग पळत या." हेरंबराव हसले नाहीत. जमिनीवरच बसून म्हणाले, "संपलं गं. उद्या सोपानराव आपल्या फौजेची पिशवी पुढे करणार, आणि म्हणणार, मोजून द्या हां." तेव्हा वृंदाताई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या दवाखान्यात टोचायच्या वस्तूंना काय तोटा आहे? माणसं घाबरून पळतात ना!" हे शब्द कानी पडले मात्र, हेरंबराव उठले, तडक दवाखाना उघडिला, आणि दाढेच्या मुळात उतरून नस काढावयाची जी बारीक पिळाची सुई असते, पिवळ्या मुठीची, कोरी, ती काढिली. मग सेनापतीच्या मुठीस यंत्राने भोक पाडून तीत ती सुई रोविली, आणि काय शोभली! पीळ उन्हात चमकला, आणि हेरंबरावांनी मुजरा केला.

आदित्यवारी वैशाख वद्य षष्ठीस सकाळी नऊ वाजता माडीवर जमाव जाहला. सोपानराव मोठ्या पिशवीनिशी आधीच हजर होते आणि म्हणाले, "या डॉक्टर. तुमच्यासाठी आणलीय हां फौज. असू द्यावी म्हटलं, अडीनडीला." हेरंबरावांनी बुटांचे खोके उघडिले आणि एकेक वीर मांडिला. सोपानराव पाठमोऱ्या पलटणीकडे पाहून पोट धरून हसले. परंतु सेनापती मांडला आणि ती पिवळी मूठ दृष्टीस पडली मात्र, हसणे थांबले, आणि त्यांचा डावा हात आपोआप डाव्या गालावर गेला. कारण ऐसे की, चार महिन्यांमागे सोपानराव हेरंबरावांच्या खुर्चीत बसले होते, पिवळ्या मुठीची सुई पाहिली होती, आणि "गाडीला कुलूप घातलं का बघून येतो" म्हणून जे खाली गेले ते गेलेच. तेव्हापासून दाढेत लवंग धरून ते राज्यकारभार चालवीत होते. ते मोठ्याने म्हणाले, "बाई, हरकत आहे! यादीत शूल लिहिलाय. हा शूल नव्हे. ही दाताची सुई आहे. हत्यार हाती नाही, सेनापती बाद, फौज बाद. डॉक्टर, घ्या पिशवी." हेरंबरावांचा चेहरा उतरला. मुजावरबाईंनी सेनापती उचलिला, चष्मा कपाळावर नेला, सुई निरखिली, आणि विचारले, "डॉक्टर, हे काय आहे?"

"शूल," हेरंबराव म्हणाले.

"सुई!" सोपानराव गर्जले, आणि गर्जताच गाल धरिला.

मुजावरबाई म्हणाल्या, "सोपानकाका, गेल्या महिन्यात रजेचा अर्ज मला वाचून दाखवला होतात. त्यात रजेचं कारण काय लिहिलं होतंत?"

सोपानराव चुळबुळले. "ते... ऑफिसात तसंच लिहायची पद्धत आहे."

"काय लिहिलं होतंत?"

"तीव्र दंतशूलामुळे..." सोपानराव पुटपुटले.

मग मुजावरबाई न्यायासनावरून बोलल्या, "म्हणजे तुमच्या दाढेत शूल आहे, हे तुम्हीच सही करून दिलंत. काटा काट्यानं निघतो, तसा शूल शूलानंच निघणार. आणि ही त्याच कामाची वस्तू. यादीत शूल, हाती शूल. मांडा." हा निवाडा ऐकताच हेरंबराव इतके हर्षले की त्यांनी सेनापतीस ओठ लाविले आणि थोडे टोचून घेतले.

युद्ध मातले ते ऐसे. सोपानरावांकडे पंखवाला महासर्प होता, वितीएवढा, ज्याने सात आदित्यवार हेरंबरावांस खाऊन टाकिले होते. परंतु आज तो पुढे यावयास तयार होईना, कारण त्यास चालविणारा हात तयार होईना. सोपानराव टेप लावून पिवळ्या मुठीपासून बारा इंच अंतर राखीत, आणि मग पुन्हा मोजून तेरा करीत. वीर घामाघूम जाहले, दोन्हीकडील कपाळे निथळू लागली. दोन तास ऐसेच गेले आणि मग पाठमोरी पलटण टेकडीकडे चालून निघाली. चालली पुढे, परंतु दिसण्यात मागे. सोपानरावांनी ढाली आणि भाले दोन्ही घराकडे ऐसे पाहिले, घामाने चष्मा धुरकटलेला, आणि आनंदाने ओरडले, "पळाली! डॉक्टर, तुमची पलटण पळाली!" आणि सर्प उचलून तिच्या पाठीस नेऊन ठेविला, तों ती पाठ नव्हती, छाती होती. आणि पलटणीच्या आडून तीन इंचांवर सेनापती.

हेरंबरावांनी फासे हाती घेतले. तीन फासे, तिन्हींवर पाचाच्या खाली येऊन चालणार नव्हते. आणि मग तीस वर्षांच्या सवयीने, सर्पाच्या जबड्याकडे पाहात, ते हळुवार म्हणाले, "जरा आ करा. अजून मोठा." सर्प प्लास्टिकचा, तो काय आ करणार, परंतु टेबलापलीकडे सोपानरावांनी केला. पुरता आ केला, आणि तोंडातील लवंग टपकन रणभूमीत पडली. आणि त्याच क्षणी फासे पडले: सहा, सहा, पाच. महासर्प आडवा जाहला. मुजावरबाई म्हणाल्या, "मेला." आणि हेरंबराव खुर्चीवर चढले, खाली उतरले, आणि पुन्हा चढले.

मग तह जाहला. सोपानराव गाल धरून म्हणाले, "बोला, काय पाहिजे? टेकडी घ्या, पूल घ्या." हेरंबराव म्हणाले, "टेकडी ठेवा. एक, या फौजेला कुणी उसनी म्हणायचं नाही. दोन, बुधवारी दहा वाजता तुम्ही खुर्चीत, आणि गाडीला कुलूप आधी घालून यायचं." सोपानरावांनी सेनापतीच्या मुठीकडे बोट केले. नंतर म्हणाले, "सुई दुसरी असेल ना? हीच नको." हेरंबराव म्हणाले, "हिला आता सुटी नाही. ही नोकरीला लागली." आणि मग दोघे हसले, सोपानराव एकाच गालाने.

येणेप्रमाणे हेरंबराव गुळवे यांस स्वतःची फौज जाहली, आठव्या लढाईत प्रथम फत्ते जाहली, सर्प पडला, आणि पाठमोरी पलटण चौदाही वीरांनिशी परत आली, जरी येताना ती पुन्हा चालून जात आहे ऐसे दिसले. घडले तैसे लिहिले, अधिक ते शाईचे, उणे ते विसराचे. तरी या फौजेतील वीर वजनाने भुईमुगाच्या दाण्याएवढा, वारा लागताच आडवा होतो, म्हणून सकाळी नवापासून माडीवरील पंखा बंद आहे. आता फौजा खोक्यांत गेल्या. तरी सेवेशी एवढीच विनंती की, बटणापाशी जो कोणी बसला असेल त्याने कृपा करून पंखा लावावा.