सासूबाईंनी विटा धुतल्या

बाथरूमचं दार अर्ध्यावरच अडलं, तेव्हा जावईबापू घाबरले. सासूबाई आत घसरून पडल्या की काय!

"आई! आवाज द्या!"

"देते की," सासूबाई पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "काय झालं?"

जावईबापूंनी खांदा लावून दार ढकललं. आत तपकिरी, ओलाकच्च डोंगर. टब बुडाला होता, बादली बुडाली होती, नळाचं नुसतं नाक वर होतं आणि ते अजून वाहत होतं.

"तुमच्या विटा होत्या ना, त्यांच्यावर किती धूळ! उद्या परदेशी पाहुण्यांना तसल्या मळक्या दाखवणार? म्हणून टबात भिजत घातल्या, नळ बारीक सोडला आणि जरा पाठ टेकली."

"आई, तो नारळाच्या काथ्याचा दाबलेला भुसा आहे! पाणी लागलं की फुगतो!"

"मग तसं सांगायचं. वीट फुगते हे मी जन्मात ऐकलं नव्हतं."

खरं तर जावईबापू त्याखेरीज दुसरं काही सांगतच नसत. मातीऐवजी या भुशात रोपं वाढवायला जगभरातून किती मागणी येईल, याचे अंदाज बांधणं हीच त्यांची नोकरी. पण ते बोलायला लागले की सासूबाईंना डुलकी लागे.

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या. "अहो, आमच्या छतातून चहा गळतोय!"

जावईबापूंनी हात जोडले. "काकू, माफ करा. एक बादली भुसा न्या ना, फुकट. येत्या काळात अख्खं जग याच्यामागे धावणार आहे."

"मग जगालाच द्या," म्हणून काकू फणकाऱ्यानं उतरल्या. इतर शेजाऱ्यांनीही त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

शेवटी सासूबाईंनी पदर खोचला. दारात खुर्ची टाकून त्या जिन्यातल्या प्रत्येकाच्या कानाशी लागल्या, "घरटी एकच बादली हं. जास्त मागू नका, जावई ओरडेल." बघता बघता जिन्यात रांग लागली. रांगेत सगळ्यांत पुढे काकू! संध्याकाळपर्यंत बाथरूम लख्ख झालं, चिमूटभर भुसा उरला नाही. जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तोच साहेबांचा फोन आला. "कोरड्या विटा राहू द्या. पाहुण्यांना भिजवलेला माल हात घालून बघायचाय. उद्या एक बादली घेऊन या."

जावईबापू रिकामी बादली घेऊन जिना उतरले. काकूंनी दार किलकिलं केलं.

"मघाशी घ्या घ्या म्हणत होतात, आता परत मागताय? भाव वाढला वाटतं!"

"काकू, फक्त उद्यापुरता द्या. नोकरीचा प्रश्न आहे."

काकूंना दया आली. आत जाऊन त्यांनी भरलेली कुंडी आणली आणि जपून त्यांच्या हातात ठेवली.

"न्या, खुशाल दाखवा. पण कुणाला बोट लावू देऊ नका. मिरच्या पेरल्यात."