‘कुमिस’विरुद्धचा मोर्चा

डेपोकच्या गल्लीत मोर्चा शिरला तेव्हा प्रासोजो पडदा बोटभर सरकवून बघत होता. पुरुषांसाठी ‘कुमिस’, म्हणजे ‘मिशी’, नावाचं मासिक काढायचं त्याच्या डोक्यात भरलं होतं आणि त्यापायी शेतकी मासिकातली बरी चाललेली नोकरी त्याने सोडली होती. पहिला अंक अजून छपाईलाही गेला नव्हता. मुखपृष्ठावरच्या बाईचा चेहरा आणि हात सोडले, तर बाकी ती पूर्ण झाकलेलीच होती. पण ‘पुरुषांचं मासिक’ एवढंच लोकांच्या कानावर पडलं आणि गावभर बोभाटा झाला.

"साहेब, घोषणा द्यायला लागले," फोटोग्राफर यांतो म्हणाला.

"देऊ देत. मला धास्ती हाजीणबाईंची आहे."

हाजीणबाई म्हणजे घरमालकीण. त्यांच्याच पुढच्या दोन खोल्यांत कचेरी होती. बाई हजला जाऊन आलेल्या, नमाज कधी न चुकवणाऱ्या. त्या "निघा" म्हणाल्या असत्या, तर या बोभाट्यानंतर डेपोकमध्ये दुसरं कोणी दार उघडलं नसतं. ‘कुमिस’ जन्माआधीच मेलं असतं.

बाहेर मशिदीत धर्माचे धडे देणारे उस्ताद जमहारी कर्ण्यातून गरजत होते, "हे मासिक बंद पडेपर्यंत आम्ही रोज येणार!"

रोज्याचे दिवस. संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा काढायचा हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला, त्यामुळे गर्दी चांगली जमली होती. पण भाषणाच्या भरात उस्तादांना वेळेचं भान राहिलं नाही आणि मशिदीतला नगारा वाजला. रोजा सोडायला उशीर करू नये, आणि कोणाच्या खिशात एक खजूरसुद्धा नाही!

तेवढ्यात दार उघडून हाजीणबाई पळी घेऊन बाहेर आल्या. प्रासोजोने डोळेच मिटले.

"काय रे जमहारी, एवढी माणसं उपाशी उभी केलीस? या सगळे आत. कोलक केलीय."

"पण हाजीणबाई, या घरात ते मासिक..."

"घर माझं आहे. रोजेदाराला खाऊ घातलं की त्याच्याइतकंच पुण्य मला. तू माझं पुण्य अडवणार?"

उस्ताद चपला काढून आत आले. नारळाच्या दुधात शिजलेल्या केळी-रताळ्यांची ती कोलक वाडग्यावाडग्याने संपली.

दुसऱ्या दिवशी मोर्चा दुप्पट झाला. पुढे तर शेजारच्या वस्तीतले लोक आपापले वाडगे घेऊन निषेधाला येऊ लागले. हाजीणबाईंनी सगळी कचेरीच स्वयंपाकाला जुंपली. यांतो केळी सोलायचा, संपादक प्रासोजो नारळ खवायचा.

"हाजीणबाई, ईदच्या आधी अंक छापायला द्यायचाय हो!"

"आधी नारळ. अंक काय, पळून जातोय?"

उस्तादांची भाषणं आखूड होत चालली. एकदा जाता जाता ते म्हणालेसुद्धा, "कालची जरा पातळ झाली होती."

शेवटी प्रासोजोचा धीर सुटला. दगड पडले असते तरी तो हटला नसता, पण नारळांपुढे त्याने हात टेकले. एका संध्याकाळी त्याने उस्तादांच्या हातातला कर्णाच काढून घेतला. त्याला अगदी रडू येत होतं.

"ऐका हो! ‘कुमिस’ बंद! तुम्ही जिंकलात. उद्यापासून येऊ नका!"

जल्लोष काही झाला नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे उद्या कोलक नाही?"

उस्तादांनी कर्णा हिसकावला. "बांधवांनो, फसू नका! ही यांची चाल आहे! ईदपर्यंत आमचा यांच्यावर विश्वास बसणार नाही! उद्या याच वेळी!"

मग कर्णा खाली करून ते प्रासोजोच्या कानाशी लागले, "अहो, ईदपर्यंत तरी चालवा. आमच्या हिला कोलक जमत नाही."

प्रासोजोने डोळे पुसले. "चालवीन की. पण नारळ तुमच्या माणसांनी खवायचे."

दुसऱ्या दिवशी मोर्चा भर दुपारीच आला. "बंद करा, बंद करा!" या तालावर ओट्यावर पन्नासेक हात नारळ खवत होते आणि आत प्रासोजो निवांतपणे अंकाची पानं लावत बसला होता. मधूनच बाह्या सारलेले उस्ताद खिडकीत डोकावायचे.

"आवरा लवकर, साहेब! अंकच निघाला नाही, तर आम्ही विरोध कशाला करायचा?"