दिवेकरांची द्राक्षतोडणी

आमच्या मजल्यावरचे दिवेकर लिफ्टमध्ये शिरले की आधी आत लिहिलेला इमर्जन्सीचा नंबर मोबाइलवर लावून बघतात. रेंज आहे ना, एवढंच तपासायचं असतं. पलीकडे कुणी उचलायच्या आत कट करतात. एकदा उशीर झाला, तर पलीकडची बाई काळजीने प्रश्न विचारत सुटली आणि हे "नाइन, नाइन, आलेस गुट, नुअर टेस्ट", म्हणजे सगळं ठीक, नुसती टेस्ट, असं म्हणत घामाघूम.

इथे जर्मनीत एश्बॉर्नच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथेच दिवेकर सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. दुसऱ्याने बनवलेलं कुठे मोडेल, हे शोधण्यात त्यांची वीस वर्षं गेली. "समजा, फाटलं तर?" हे त्यांचं पालुपद. वाढदिवसाचे फुगे लावले तरी विचारतात, "समजा, फुटून कुणाच्या डोळ्याला लागलं तर?" वहिनी म्हणतात, "अहो, फुगा आहे तो." मला पूर्वी हसू यायचं. आता मीही घरातून निघताना शेगडी तीनदा बघून येते. शेजाराचा गुण लागतो तो असा.

आणि मग त्यांच्या सईचं आबिटूर झालं. बारावी झाली की इथली मुलं वर्षभर जग बघायला निघतात. सईने जेवताना जाहीर केलं, की ती फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाला जाणार, बारोसा व्हॅलीत द्राक्षं तोडायचं हंगामी काम करणार आणि पुढे फिरणार. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच होते. दिवेकरांचा घास हातातच राहिला. ती भीती फुग्यावाली नव्हती. तिला हसायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाडजूड ऑर्डनर, म्हणजे फाइल, तयार व्हायला लागला. द्राक्षांच्या वेलीखाली सावलीला येणारे साप, बुटात शिरणारे कोळी, ऊन, वणवे, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात, रंगीत प्रिंटसह. जेवताना सईपुढे सापाचा फोटो धरून विचारायचे, "हा कुठला?" सई मान वर न करता म्हणायची, "बाबा, एन्टश्पान डिश माल!" जरा शांत हो, असं तिला सांगायचं असे. ते त्यांना या जन्मात जमणार नव्हतं.

मुलगी अठराची झालेली, नाही म्हणून भागणार नव्हतं. शेवटी त्यांनी एकच अट घातली. "टेस्ट न करता रिलीज नाही. आधी दोन दिवस इथे तोडून दाखव. मी बरोबर येणार." तिकडे कामाला घेताना अनुभव विचारतात, म्हणून सईही लगेच हो म्हणाली. सप्टेंबरअखेरीस ऱ्हाइनकाठच्या फ्राऊ हेस नावाच्या बाईंच्या मळ्यात जायचं ठरलं. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही जाच बरोबर. हे पोरीला इतकं घाबरवतील की ती आपणहून नको म्हणेल. त्यासाठीच चाललेत." मलाही अगदी तेच वाटत होतं.

दिवेकर डोक्यावर सायकलचं हेल्मेट, कोपरापर्यंत हातमोजे आणि हातात काठी अशा थाटात मळ्यात उतरले. प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी आधी काठी तीनदा आपटायची, पाय जोरात वाजवायचे, मग हात घालायचा. कोकणात आजोळी लहानपणी शिकलेलं. तोडणीला आलेल्या पोलिश बायकांना ती आपल्याकडची पूजा वाटली. त्या आदराने थांबून राहिल्या. फ्राऊ हेसनी विचारलं, काय शोधताय? "साप," दिवेकर म्हणाले. "माझ्या मळ्यात?" "नसेलच. पण समजा, असला तर?"

तोडणीची इथली रीत अशी, की एका ओळीच्या दोन्ही अंगांना दोघं समोरासमोर उभे राहून एकाच वेलीचे घड तोडतात. मधे पानांची दाटी, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कात्री भलती धारदार आणि पलीकडचा हात कधी पुढे येईल सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक घडाआधी दिवेकर ओरडत, "सई, हात काढ!" पहिल्या तासात बापलेकीच्या तीन वेली झाल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर फ्राऊ हेसनी सुरक्षिततेच्या कारणास्तव काठी काढून घेतली.

दुपारी मी त्याच गल्लीत, दिवेकरांकडे पाठ करून, शेजारची ओळ तोडत होते. बराच वेळ ओरडणं ऐकू आलं नाही. मग पानांआडून सईचा आवाज आला. एरवी मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलगी मराठीत बोलत होती.

"बाबा, मला झोप नाही येत हल्ली. तिकडे आपलं कोणीच नाहीये. मला खूप भीती वाटते."

कात्र्या थांबल्या.

"नको जाऊ का मी? तू सांग. तू म्हणालास तर नाही जाणार."

झालं, मी मनात म्हटलं. उन्हाळाभर ज्यासाठी हा माणूस झुरला, ते आपणहून हाती आलं होतं. नुसतं "नको" म्हणायचं होतं. मी वळून पाहिलं. दिवेकर पांढरेफटक पडले होते. एका हातात कात्री आणि दुसऱ्या हाताने वेलीची तार घट्ट धरलेली.

"छे ग," ते म्हणाले. आवाज इतका साधा की दुसरंच कुणी बोललं असं वाटावं. "सापच माणसाला घाबरतात. मी सगळं वाचलंय. आणि आज तुझं काम बघितलं ना मी, एकदम व्यवस्थित आहे. तू जा."

"पण तिकडे गेल्यावर भीती वाटली तर?"

"मग मला फोन कर. घाबरायला मी बसलोय ना इथे. तू आपली द्राक्षं तोड."

सई हसली, नाक ओढलं, आणि तिची कात्री पुन्हा चालू झाली. दिवेकरांची झाली नाही. ते हळूहळू खाली चिखलात बसले आणि मातीने भरलेला हातमोजा तोंडावर दाबून धरला, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"बाबा, तुझ्या बाजूचे घड राहिलेत हां," सईने हाक मारली.

त्यांनी माझ्याकडे बघून बोलू नका अशी खूण केली. मी त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि त्यांच्या जागी उभी राहून त्यांचे घड तोडायला लागले.

"बघ," सई पानांपलीकडून म्हणाली, "आता कसं भराभर जमतंय तुला."