पावलावरची नाडी

शेटे सर पहिल्या भेटीत माणसाच्या तोंडाकडं बघतच नाहीत. सरळ वाकतात आणि पायाला हात लावतात. पाथरीच्या बसस्टँडवर एकदा चारठाण्याच्या एका म्हाताऱ्यापुढं असे वाकले, तर तो बिचारा हात जोडून मागं मागं सरकायला लागला. "अवो डॉक्टरसाहेब, मला पाप लागंल की!"

"गप उभं ऱ्हा. नाडी बघायलोय."

पावलावरची नाडी! लग्नात, मयतीला, कुठंही. एकदा नवरदेवापुढं वाकले, तर मागच्या चार पाहुण्यांनी रीतच असेल समजून तसंच केलं.

माझं औषधाचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागूनच आहे. त्यामुळं त्यांची कर्मकहाणी मला तोंडपाठ. सर एका सरकारी मेडिकल कॉलेजात रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्राध्यापक होते. बिडीनं पाय कसे सडतात, यावर सात वर्षं गावोगाव फिरून त्यांनी निबंध लिहिला. छापून आला तेव्हा वर विभागप्रमुखांचं नाव होतं. सरांचं कुठंच नव्हतं. सरांनी तक्रार केली. चौकशी झाली ती सरांचीच. मग बदल्या, आणि त्याही जिथं हा विभागच नाही अशा ठिकाणी. शेवटी तर वसतिगृहाच्या खानावळीवर देखरेख करायला लावली. सरांनी राजीनामा दिला. साऱ्या जगाच्या पायाला हात लावणारा माणूस, पण साहेबाच्या पायाशी तेवढा गेला नाही.

प्रमुखांचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "त्याला नाडी न्हाई सापडली, खुर्ची सापडली."

गेल्या हिवाळ्यात तेच प्रमुख दवाखान्यासमोर गाडीतून उतरले. हातात काठी, सोबत फक्त ड्रायव्हर. डाव्या पायाची बोटं काळी पडलेली. मी काउंटर सोडून गेलो. खोटं कशाला बोलू, मजा बघायला गेलो.

सरांनी खाली बसून त्यांचा मोजा काढला. पावलावर बोटं ठेवून कितीतरी वेळ तसेच बसले.

"नाडी लागते का रे?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही सर. लय उशीर केलात. पाऊल जाईल. गुडघा वाचवायचं बघू."

"तुझं नाव मीच काढलं होतं."

"माहीत आहे. पाय वर घ्या."

दवाखान्याला कुलूप लावून सर त्याच गाडीत बसले आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. चौथ्या दिवशी परतले. गुडघा वाचला होता. मी म्हणालो, "शेवटी न्याय झाला म्हणायचा." सर तडक वळून दवाखान्यात निघून गेले.

संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसले. "त्यांची पोरं परदेशात. एकानंबी फोन उचलला न्हाई. ऑपरेशनच्या कागदावर मीच सही केली."

"नातं काय लिहिलं?"

"विद्यार्थी," सर म्हणाले. "नाडी बघायला त्यांनीच शिकवलं मला. लय जीव लावून."

मी दुकान आवरलं, दिवे घालवले. सर स्टुलावरून उठले नाहीत.