सोपानतात्या आणि चाळीस द्रोण

लोक कानावर बिडी ठेवतात, फार तर पेन्सिल. सोपानतात्या हिरवी मिरची ठेवत. भोरच्या पेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मी शेजारच्या खोलीत राहणारा शाळामास्तर. सकाळी दुकान उघडलं की मिरची कानावर चढायची, दुपारी भाकरीबरोबर पोटात जायची आणि लगेच दुसरी तिच्या जागी हजर. छातीचं माप घ्यायला तात्या वाकले की ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर डोलायची. बरेच जण माप देताना डोळे मिटून घेत.

तात्यांच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती, तिखट खाणारी आणि आजारी. मी दुसऱ्या तऱ्हेतला. मला पित्ताचा त्रास. वरणात फोडणीची मिरची दिसली तरी माझी छाती जळायची.

"गुरुजी, तुमच्या पोटात जाळच न्हाई," तात्या म्हणत. "म्हून पोरं ऐकत न्हाईत तुमचं."

पोरं ऐकत नसत हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसे. आमच्या हेडमास्तरांना ते ढब्बू मिरची म्हणत. "आकार लई, जीव न्हाई!" चहा असो, कापड असो, पुढाऱ्याचं भाषण असो, तात्यांचा निकाल एकच, "जीव न्हाई ह्यात."

या मिरचीपायी त्यांनी व्याह्यांच्या घरी जो गोंधळ घातला, तो भोरात चवीनं सांगितला जायचा. मीही तो पाहुण्यारावळ्यांना कितीदा हसत सांगितला असेल. तात्यांना बायको नव्हती. पोरगी चार वर्षांची असताना ती गेली. एकुलती एक हिरा वेल्ह्याकडच्या एका गावात दिली. लग्नानंतर व्याह्यांनी तात्यांना मानानं जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, कोंबडीचा रस्सा. भाऊबंद पंगतीला. तात्यांनी दुसरा घास घेतला, आणि सवयीनं हात कानाकडे गेला. मिरची काढली, कचकन चावली. पंगत थांबली. व्याही ताटात हात धुऊन उठले. "आमच्या घरात तिखट सरलं न्हवतं, पावणं," एवढंच म्हणाले. लोक हसतात ते इथं. पुढचं कुणी सांगत नसे. हिराला त्यानंतर माहेरी पाठवलं नाही आणि तात्यांना त्या घराची पायरी बंद झाली. आठ वर्षं झाली होती. तात्यांनीही माफी मागितली नाही. मिरची खाल्ली, चोरी केली नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. चैत्रात तात्या मला म्हणाले, "गुरुजी, चला ठेच्याच्या पंगतीला. तुमचं पित्त मुळासकट काढतो."

ही पंगत जिथं व्हायची, त्या गावची रीत अशी, की देवीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक द्रोण ठेचा देवळापुढं आणून ठेवायचा. सगळे द्रोण पळसाचे, सारखेच. कुठल्या घरचा कुठला, कळायची सोय नाही. परगावच्या पाहुण्यानं सगळे चाखायचे आणि पहिल्या नंबराच्या द्रोणावर नारळ ठेवायचा. मग त्या घरचा माणूस मिशीवर ताव देत उठायचा. पंगत पुरुषांची. ठेचा करणाऱ्या बाया घरातच. चाखायचा मान सात वर्षं तात्यांकडे होता.

नसरापूरला एसटी बदलली, विंझरच्या पुढं उतरून दोन कोस चाललो. देवळापुढं चाळीस द्रोण मांडले होते. नुसत्या वासानं मी शिंकू लागलो. तात्या मात्र जावयासारखे ताठ चालत होते. भाकरीचा तुकडा, बोटभर ठेचा, डोळे मिटायचे, आणि निकाल. "जीव न्हाई." पुढचा. "मीठ लई." पुढचा. "हिनं मिरची भाजताना शेजारणीशी गप्पा मारल्यात!" माणसं खदाखदा हसत होती.

चाळिसावा द्रोण चाखून झाला. तात्या उभे राहिले, आणि परत पहिल्यापाशी जाऊन बसले.

"तात्या, पोट हाय का पखाल?" कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या फेरीत ते बोलेनात. नाक-डोळे वाहत होते, ओठ सुजले होते. तिसऱ्या फेरीला माणसांनी शिट्ट्या मारल्या. मला लाज वाटली. मी त्यांचा सदरा ओढला. "तात्या, पुरे झालं."

"थांबा गुरुजी. माझंच चुकलं असंल. परत चाखतो."

तिसरी फेरी संपली. तात्यांनी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला हळूच विचारलं, "समद्या घरांचं द्रोण आलं का?"

"वरच्या आळीचं समदं आलं. खालची आळी धरणात गेली न्हवं! येत्या पावसाळ्यात पानी येनार, म्हून शिमग्याआदीच मानसं दारं-वासं ट्रकात घालून उठून गेली. दौंडाकडं जमिनी दिल्यात म्हंत्यात. कुणाला कुठं, ते आमालाबी ठावं न्हाई. तुमचं इवाईबी त्यातच." म्हातारा थबकला. "तुमास्नी कळीवलं न्हाई व्हय?"

हे हिराचं गाव, हे मला तेव्हा कळलं. तात्यांनी हाताला लागेल त्या द्रोणावर नारळ ठेवला. टाळ्या वाजल्या.

नसरापूरच्या स्टँडवर मी त्यांना साखर आणून दिली. ती त्यांनी तोंडात टाकली नाही, मुठीत धरून बसले.

"आई न्हवती तिला," ते म्हणाले. "ठेचा म्याच शिकवला. मिरची एका अंगानं करपवायची, लसूण सालीसकट. तसा द्रोण समद्यांत एकच असायचा. चाखला की कळायचं, पोरगी हाय, बरी हाय. तिसऱ्या वर्साला तिखट एकदम निम्म्यावर आलं. आदी वाटलं, सासूनं हात धरला. मग उमगलं, घरात ल्हान खानारं आलंय. म्या आजा झालो, गुरुजी, ते असं कळलं मला. मागल्या वर्सी थोडं वाढीवलं हुतं. पोर मोटं हुतंय." मूठ उघडून साखरेकडे बघत म्हणाले, "मुलगा का मुलगी, ते ठेच्यात कळत न्हाई."

व्याह्यांच्या पंगतीची ती गोष्ट मी आजवर हसत सांगत होतो, याची मला इतकी शरम वाटली की पित्तही आठवलं नाही.

तीन दिवसांनी ते पोस्टकार्ड घेऊन माझ्या खोलीवर आले. दरम्यान मी कचेरीत चौकशी केली होती. धरणामुळं उठलेल्यांची यादी पुण्याला आहे, एवढंच तिथं कळलं होतं. तात्या सांगू लागले आणि मी लिहू लागलो. "इवाईबुवांस रामराम. चूक माझी झाली. तुमच्या घरचं जेवान झ्याक हुतं. पोरीला सांगा, बाप बरा हाय."

"पत्ता?"

"दौंड तालुका."

"गाव कुठलं?"

"तुमीच कायतरी लिवा की, गुरुजी. तुमी शिकल्याली मानसं."

मी व्याह्यांचं नाव लिहिलं. खाली तालुका दौंड, जिल्हा पुणे. हे कार्ड कुणालाही पोचणार नाही, हे मला समोर स्वच्छ दिसत होतं. तात्यांनी शाईवर फुंकर घातली, रस्ता ओलांडून कार्ड पेटीत टाकलं, पेटीवर दोनदा थाप मारली आणि परत आले.

"उत्तर यायला किती दीस लागत्यात?"

"आठ दिवस," मी म्हणालो.

नवव्या दिवसापासून मी शाळेत मागच्या गल्लीनं जाऊ लागलो.